जुन्या मोटारीचं टॉनिक

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

जुनी स्पोर्ट्स कार हौसेनं सांभाळणाऱ्या माणसाला दोन सल्लागार हमखास भेटतात. एक म्हणतो, ‘आजच्या तेलानं इंजिन खलास होईल, ही बाटली ओत.’ दुसरा म्हणतो, ‘बाटल्या म्हणजे निव्वळ फसवणूक.’ मला विचाराल तर दोघंही अर्धंच खरं सांगतात, आणि उरलेलं अर्धं खिशाला महाग पडतं.

उदाहरणादाखल ब्रिटनमध्ये १९६२ ते १९८० या काळात बनलेली एमजीबी घेऊ. तिच्या १७९८ सीसीच्या इंजिनात कॅमशाफ्टचे उंचवटे सपाट बुडाच्या टॅपेटवर घासत फिरतात. टेकण्याची जागा एवढीशी आणि दाब प्रचंड, त्यामुळे तेलाचा थर पिळून निघतो आणि लोखंड लोखंडाला भिडू पाहतं. तिथे जस्त आणि फॉस्फरस असलेलं ‘झेडडीडीपी’ हे रसायन कामी येतं. उष्णता आणि दाबामुळे धातूवर त्याचा काचेसारखा, अतिशय पातळ थर बसतो. धातूऐवजी तो थर झिजतो आणि पुन्हा तयार होतो.

मग ते कमी का केलं? कारण फॉस्फरस धुरावाटे कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातो आणि त्याला निकामी करतो. शिवाय अनेक नव्या इंजिनांत टॅपेटला रोलर आले, घासणं कमी झालं. २००४ साली अमेरिकेत ‘एपीआय एसएम’ हा दर्जा आला आणि त्यात फॉस्फरसची कमाल मर्यादा ०.०८ टक्के झाली. ‘तेलातलं जस्त गेलं’ ही ओरड तेव्हापासूनची. पण ते गेलं नाही, कमी झालं. आणि ही मर्यादा ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ तेलांसाठी आहे. एमजीबीसारख्या गाडीत चालणाऱ्या २०डब्ल्यू-५० ला ती लागू नाही. म्हणून बाटली घेण्याआधी तेलाच्या डब्यावरचा मजकूर वाचावा.

आता बाटल्यांकडे वळू. सगळ्या एका माळेचे मणी नाहीत. टेफ्लॉनजातीचा थर इंजिनात बसवण्याचा दावा करणाऱ्या ‘स्लिक ५०’ वर अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं १९९६ साली आक्षेप घेतला. दाव्यांना पुरेसा आधार नाही, असं त्याचं म्हणणं होतं. १९९७ साली तडजोड झाली आणि तसे दावे पुराव्याशिवाय करायला बंदी आली.

जस्ताची बाटली वेगळी. तिच्यातलं रसायन खरंच काम करतं, पण ते औषध आहे, टॉनिक नव्हे. मात्रा जास्त झाली तर तेच धातूला खाऊ लागतं. शिवाय तेलातले मळ धुणारे घटक आणि जस्त एकाच पृष्ठभागावर जागेसाठी भांडतात. तयार तेलात अंदाजानं ओतलेली बाटली म्हणूनच मूळच्या योग्य तेलाची बरोबरी करीलच असं नाही.

तिची खरी गरज असते ती नवा कॅमशाफ्ट बसवल्यावर. पहिली वीसेक मिनिटं निर्णायक. त्या वेळी इंजिन संथ ठेवू नये, मिनिटाला सुमारे दोन हजार फेऱ्यांवर चालवावं, म्हणजे कॅमवर तेल नीट उडतं. त्यासाठी जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं खास तेल वापरतात.

आणि एक गोष्ट कोणतीही बाटली करू शकत नाही. झिजलेला उंचवटा भरून येत नाही. वरचा कठीण थर गेला की खालचा मऊ धातू भराभर जातो, व्हॉल्व्ह पूर्ण उघडत नाही, ताकद घटते. मग कॅमशाफ्ट आणि टॅपेट दोन्ही बदलणं आलं.

तेव्हा माझा सल्ला साधा आहे. जुन्या इंजिनासाठी बनवलेलं योग्य तेल निवडा. ते असेल, तर वर काही ओतू नका. गाडी कमी चालत असली तरी वर्षातून एकदा तेल बदला, कारण उभ्या गाडीच्या तेलात पाणी आणि आम्ल साचतं. बाटलीचे पैसे त्या तेलबदलासाठी ठेवा. इंजिन तुमचे आभार मानणार नाही, पण कुरकुरही करणार नाही.