गुळवेलीचं वर्ष



दिवाळी उरकली की शहापूर तालुक्यातल्या कातकरी वाड्या हळूहळू रिकाम्या होऊ लागतात. बयाणा घेतलेली कुटुंबं पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. २०२० साली २५ मार्चपासून देश बंद झाला तो नेमका या हंगामाच्या मध्यावर. भट्ट्या थंडावल्या, मजुरी थांबली. मुंबई-नाशिक महामार्ग शहापूर, खर्डी, कसारा असा याच तालुक्यातून घाटाकडे चढतो. डोक्यावर बोचकी घेतलेली माणसं त्या रस्त्यानं उत्तरेकडे चालत निघाली होती. मुंबईला पाणी पुरवणारी तानसा आणि भातसा ही धरणंही याच तालुक्यात आहेत. तरीही इथल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते, आणि हे काही त्या एका वर्षापुरतं नव्हतं.

अशा वर्षाबद्दल बोलताना ‘संकटानं आम्हाला बरंच शिकवलं’ असं म्हणायची एक रीत पडली आहे. भरल्या घरात बसून लिहिलेल्या लेखांत तर ती फारच बोकाळली. शहापुरात जे घडलं ते या रीतीत बसत नाही, म्हणूनच ते सांगण्याजोगं आहे.

कातकरी ही महाराष्ट्रातल्या तीन अतिमागास आदिम जमातींपैकी एक. उरलेल्या दोन म्हणजे कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या लाकडापासून कात पाडणं हा यांचा जुना धंदा. जंगलावर निर्बंध आले तसा तो हातचा गेला. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. रानाची ओळख मात्र शाबूत राहिली. कुठल्या झाडावर कोणती वेल चढते, तापावर काय उकळून द्यायचं, हे घरोघरी ठाऊक. त्यातलीच एक गुळवेल. आंब्यावर, कडुनिंबावर दोरखंडासारखी लोंबणारी. बेतानं तोडली तर ती पुन्हा फुटते.

टाळेबंदीच्या आधीपासूनच सुनील पवार नावाचा इथला कातकरी तरुण दहा-बारा सोबत्यांना घेऊन ही वेल गोळा करून विकत होता. पंतप्रधान वनधन योजनेतून शहापूरच्या आदिवासी एकात्मिक सामाजिक संस्थेला आधार मिळाला आणि या तरुणांच्या कामाला शिस्त आली. वेल तोडायची, तुकडे करायचे, आठ-दहा दिवस वाळवायचे, मग शहापूरच्या शेडमध्ये आणून चूर्ण करायचं, पाकिटं भरून सील करायची. यात चमत्कार असा कुठला नाही. पण वाळवण नीट झालं नाही तर बुरशी धरते आणि माल परत येतो, एवढं कळायला एखादा हंगाम आधी हातून जावा लागतो.

मग करोना आला आणि शहरांत काढ्याची लाट उठली. जो तो गुळवेल मागू लागला. (ती करोनावरचं औषध आहे, हे कधी सिद्ध झालं नाही. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली, आयुष मंत्रालयानं ती अमान्य केली. तो वाद वैद्यांवर आणि डॉक्टरांवर सोडू.) मे २०२० मध्ये केंद्र सरकारनं ४९ वनोपजांचे हमीभाव वाढवले, त्यांत गुळवेलही होती. टाळेबंदीच्या त्या दिवसांत या गटानं आदिवासींकडून ३४,००० किलोंहून अधिक गुळवेल विकत घेतली. पुढे डाबर, बैद्यनाथ, हिमालय अशा कंपन्यांच्या मागण्या आल्या आणि त्यांचा आकडा दीड कोटी रुपयांच्या वर गेला. सरकारी पत्रकांनी ही यशोगाथा देशभर पोहोचवली.

पत्रकांत जे ठळक झालं नाही ते असं, की शेड, वजनकाटा आणि एकमेकांवरचा विश्वास साथीच्या आधीच उभा होता. नाहीतर तीच वेल, तेच जंगल आणि तीच गरज आसपासच्या कितीतरी वाड्यांतही होती. तिथं ते वर्ष उधारीत गेलं. राज्य मंत्रिमंडळानं ऑगस्ट २०२० मध्ये आदिवासी कुटुंबांसाठी खावटी अनुदान मंजूर केलं, कुटुंबामागे ४,००० रुपये, अर्धे रोख आणि अर्धे वस्तूंच्या रूपात. ते हातात पडेपर्यंत पुढचं वर्ष उजाडलं.

नुसत्या कष्टांनी माणूस वाढत असता, तर शेजारच्या मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावच्या आज्या केव्हाच पंडित झाल्या असत्या. साठी-सत्तरीपर्यंत त्यांनी भात लावला, लाकडं वाहिली, पाणी आणलं, आणि कागद पुढे आला की अंगठा उमटवला. २०१६ साली शिवजयंतीच्या सुमारास गावात पोथीवाचन झालं, तेव्हा आपल्यालाही वाचता यावं असं त्या बोलून गेल्या. जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक योगेंद्र बांगर यांनी ते मनावर घेतलं. मोतीराम दलाल चॅरिटेबल ट्रस्टनं पाटी, दप्तर आणि गुलाबी नऊवारी पुरवली. ८ मार्च २०१६ रोजी, महिला दिनी, आजीबाईंची शाळा भरली.

वर्ग दुपारचा, दोन ते चार, कारण त्याआधी आणि त्यानंतर घरचं काम. वर्गात सुमारे तीस जणी. कुणाला कमी दिसतं, कुणाला कमी ऐकू येतं. शिकवायला गावातलीच एक सून, आणि समोर पाटी घेऊन बसलेल्यांत तिची सासू. ‘ग’ चुकला तर सुनेनं सासूला पुन्हा गिरवायला लावायचं, हा प्रकार गावात याआधी कुणी पाहिला नव्हता. घरी अभ्यास घ्यायला नातवंडं.

शाळेचे आभार मानायला या आज्यांनी भाषणं केली नाहीत. शाळेच्या आवारात रोपं लावली, एकेकीनं एकेक वाटून घेतलं, आणि वर्गाला येताना त्यांना पाणी घालू लागल्या. बँकेच्या कागदावर आता त्या सही करतात. वेळ लागतो, मागे रांग खोळंबते. पण शाईचा डबा पुढे सरकवला तर त्या तो परत करतात.