मानण्याला जामीन कोण?

रांजणगावच्या महागणपतीविषयी दोन गोष्टी शिरूर-दौंड भागात सगळ्यांच्या कानावर असतात. त्रिपुरासुराशी लढायला निघण्यापूर्वी शंकराने इथे गणेशाची आराधना केली, ही एक. दिसते त्या मूर्तीखाली तळघरात मूळ मूर्ती आहे आणि तिला दहा सोंडा व वीस हात आहेत, ही दुसरी. पहिलीविषयी बोलताना आपण ‘अशी श्रद्धा आहे’ म्हणतो. दुसरीविषयी मात्र बहुतेकांच्या तोंडी ‘अशी समजूत आहे’ असे येते. हा फरक कुणी शिकवलेला नसतो, तरी जीभ सहसा चुकत नाही. तळघर उघडले तर दुसऱ्या गोष्टीचा निकाल एका दुपारीच लागेल. पहिलीचा निकाल लावायला उघडावे असे दारच नाही. एका ‘मानण्या’साठी मराठीने एवढे शब्द का बाळगले, या प्रश्नाचा माग इथून काढता येतो. माझे म्हणणे असे की, मनाची खात्री किती पक्की आहे ते हे शब्द मोजत नाहीत. त्या मानण्याला जामीन कोण आणि ते खोटे ठरले तर भुर्दंड कोणावर, हे ते सांगतात.

पुरावा शब्दकोशात शोधण्याची गरज नाही, क्रियापदे पाहिली तरी पुरे. विश्वास ठेवतात, टाकतात, तो बसतो आणि उडतोही. त्याचा घात होतो, कारण समोर दुसरा कोणीतरी असतो आणि तो शब्द फिरवू शकतो. ‘श्रद्धाघात’ असा शब्द आपण घडवलाच नाही. श्रद्धेला ठेच लागते, तिचा घात होत नाही. दौंड जंक्शनच्या फलाटावरचा माणूस ‘गाडीचा भरवसा नाही’ म्हणतो. गाडीवर श्रद्धा नाही असे तो म्हणाला, तर शेजारचे हसतील. रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणारा कामगार वाटेत देवळाच्या दिशेने हात जोडतो आणि तासाभराने यंत्रावरचा सुटा भाग मापात बसतो की नाही याची खात्री करून घेतो. करून घ्यायची असते ती खात्री. ती दुसऱ्याने आयती द्यावी अशी अपेक्षा नसते, आणि दिलीच तर आपण तिला ‘हमी’ म्हणतो. सावकार, व्यापारी आणि पतसंस्था यांचा शब्द वेगळाच, तो म्हणजे पत. ती कमवावी लागते आणि एका थकलेल्या हप्त्याने जाते. समजूत तर घालतात, काढतात, करून देतात, आणि स्वतःच्या बाबतीत ती बहुधा भूतकाळात सापडते: ‘माझी समजूत होती की…’ म्हणजे जामीनकी केव्हाच मागे घेतलेली.

इंग्रजीत ही वाटणी इतकी काटेकोर नाही. परमेश्वर आहे हे सांगायला आणि पाचची गाडी उशिरा आहे हे सांगायला तिथे ‘आय बिलीव्ह’ हे एकच क्रियापद चालते. आपण दुसऱ्या ठिकाणी ‘मला वाटतं’ म्हणून मोकळे होतो. म्हणूनच तिकडचे शब्द इकडे आणताना निवड करावी लागली. आपल्या संविधानाच्या उद्देशिकेच्या मराठी पाठात ‘विश्वास, श्रद्धा व उपासना’ असा क्रम आहे: बिलीफला विश्वास आणि फेथला श्रद्धा. मराठी ख्रिस्ती समाजाने मात्र फेथसाठी विश्वास हाच शब्द स्वीकारला आणि अनुयायांना ‘विश्वासणारे’ म्हटले. मला तो गफलतीचा वाटत नाही. ज्या धर्मात देव वचन देतो, करार करतो आणि माणूस त्या वचनावर विसंबतो, तिथे दोन पक्षांचा शब्दच चपखल बसतो.

मानण्याला जामीन कोण, या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेली एक बाई दौंड तालुक्यातल्या केडगावी राहत होती, हे या भागाने विसरू नये. पंडिता रमाबाईंनी 1883 मध्ये इंग्लंडमधल्या वॉन्टेज इथे बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर तिथल्या जोगीण सिस्टर जेराल्डाइन यांच्याशी झालेल्या पत्रव्यवहारात त्या वारंवार अडून बसतात. चर्च सांगते म्हणून त्रैक्याचा सिद्धान्त मानणार नाही, विवेकाला पटेल तेवढेच मानीन, असा त्यांचा पवित्रा होता. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले, ते काम 5 एप्रिल 1922 रोजी मृत्यू येईपर्यंत त्यांच्या हातात होते. साध्या बायकांना कळेल अशी मराठी हवी आणि हिंदू तत्त्वज्ञानाचा वास असलेले शब्द नकोत, हा त्यांचा आग्रह होता. धर्मांतराबद्दल कोणाचे काहीही मत असो, विश्वास ज्याचा त्याने ठेवायचा असतो, दुसऱ्याने तो ठेवून देता येत नाही, हे त्यांनी ज्या हट्टाने धरले तो हट्ट माझ्या म्हणण्याला बळ देतो.

आता आक्षेप. पहिला असा की, रोजच्या बोलण्यात श्रद्धा आणि विश्वास सर्रास एकमेकांच्या जागी येतात, मग ही वाटणी वक्त्याच्या डोक्यातली नव्हे काय? सरमिसळ होते, हे खरे. पण ती नेमकी कुठे होते ते पाहावे. गुप्तधन काढून देतो म्हणून पैसे घेणारा बुवा व्यवहार करतो विश्वासाचा आणि धन निघाले नाही की ‘तुमची श्रद्धाच कमी पडली’ म्हणून भुर्दंड गिऱ्हाइकावर टाकतो. सरमिसळ हेच त्याचे भांडवल. शब्द खरोखर समानार्थी असते, तर त्याला या अदलाबदलीतून काहीच मिळाले नसते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. श्रद्धेला निकालाबाहेर ठेवले की तिला अभय मिळते. म्हणून श्रद्धा आणि अंधश्रद्धा ही जोडीच खरी, असे म्हणतात. या जोडीने महाराष्ट्रात मोठे काम केले, यात वाद नाही. तरीही कायदा करायची वेळ आली तेव्हा ती पुरली नाही. अंधश्रद्धा निर्मूलन हे नाव 2005 च्या विधेयकाला होते. या कायद्यासाठी झटणाऱ्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, लगोलग वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी अधिनियम झाला. त्याच्या लांबलचक नावात नरबळी आहे, अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे. अंधश्रद्धा हा शब्द नाही. कोणाची श्रद्धा डोळस आणि कोणाची आंधळी हे ठरवत न बसता त्याने कृत्यांची अनुसूची दिली. तिच्यातले साप-विंचवाचे कलम या ऊसपट्ट्यात सगळ्यांना समजेल. साप चावलेल्याला औषधोपचारापासून रोखून मंत्रतंत्र करणे हा गुन्हा आहे. मंत्राविषयी काय मानावे याबद्दल कायदा गप्प आहे. रुग्णाला दवाखान्यात नेताना आडवा येणारा हात तो पकडतो. श्रद्धेला यात अभय नाही. तिने दुसऱ्याच्या जिवाचा भुर्दंड लावला, त्या क्षणी ती हिशेबात आली.

आमदार-खासदारांच्या शपथेचा मराठी पाठही याच दिशेने जातो. संविधानाबद्दल ‘खरी श्रद्धा व निष्ठा बाळगीन’ असे शब्द त्यात आहेत. नुसत्या श्रद्धेवर काम भागले नाही. ती कोणी पाहायची, हा प्रश्न उरलाच असता, म्हणून शेजारी निष्ठा बसवली. सभागृहातल्या मतदानात, पक्ष बदलताना, पाच वर्षांच्या वागण्यात मतदाराला तपासता येते ती हीच.