राजा गेला, पुढे काय?

(खामगाव येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सत्रासाठी मला विषय दिला आहे तो अरब देशांतल्या जनतेच्या उठावांचा. तुमच्यापैकी काहीजणींना वाटेल, आपल्या तालुक्यात रेशनचे, दारूचे, पोटगीचे प्रश्न पडलेले असताना ट्युनिशिया आणि इजिप्त कशाला? प्रश्न रास्त आहे. म्हणून मी सुरुवात तिकडून करत नाही, आपल्या शेजारापासून करते.

खामगावहून चिखली, देऊळगाव राजा करत जालन्याच्या एस.टी.ने निघालं, की देऊळगाव राजाच्या पुढे बुलडाणा जिल्हा संपतो. १९४८ सालापर्यंत तिथे नुसता जिल्हा बदलत नव्हता, राज्य बदलत होतं. पलीकडे हैदराबादच्या निजामाची हद्द सुरू व्हायची. आपला वऱ्हाडसुद्धा कागदोपत्री निजामाचाच होता. १८५३ च्या तहाने त्याचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि १९०२ साली तो कायमच्या पट्ट्याने त्यांच्याकडे राहिला. तरी निजामाचा थोरला मुलगा 'प्रिन्स ऑफ बेरार' म्हणजे वऱ्हाडचा राजपुत्र म्हणवून घेत होता. तेव्हा एकहाती सत्ता चालवणारा राजा आणि त्याच्याविरुद्ध उठलेली जनता ही गोष्ट आपल्याला परकी नाही.

शेवटचा निजाम मीर उस्मान अली खान १९११ साली गादीवर आला. त्याच्या राज्यात सोळा जिल्हे होते, त्यांतले औरंगाबाद, परभणी, नांदेड, बीड आणि उस्मानाबाद हे पाच मराठी भाषेचे. सभा भरवायची तर सरकारची परवानगी लागे. १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस उभी राहत होती, तेव्हाच तिच्यावर बंदी आली. भारत स्वतंत्र झाला तरी निजाम भारतात यायला तयार नव्हता. कासीम रझवीच्या रझाकारांनी गावोगाव दहशत बसवली. लोकांनी स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केले, शिंदीची झाडं तोडली, सरकारला लेव्हीचं धान्य द्यायचं नाकारलं. हद्दीलगत कार्यकर्त्यांचे कॅम्प उभे राहिले, करोडगिरीचे नाके जाळले गेले. शेवटी १३ सप्टेंबर १९४८ ला भारताचं सैन्य शिरलं आणि १७ तारखेला निजामाने शरणागती पत्करली. हा सगळा भाग आपल्याला शाळेतून थोडाफार माहीत असतो.

आता आपण आपला प्रश्न विचारू. या लढ्यात बाया कुठे होत्या?

सगळीकडे होत्या. भूमिगतांना भाकरी पोचवणाऱ्या, निरोप नेणाऱ्या, घरात हत्यारं लपवणाऱ्या, पोलीस आले की दारात उभं राहून त्यांना अडवणाऱ्या बायाच होत्या. धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके तर प्रत्यक्ष सशस्त्र लढ्यात उतरल्या. धोपटेश्वर हे जालना जिल्ह्यातलं गाव, म्हणजे आपल्या शेजारचंच. तिकडे तेलंगणात १९४६ पासून १९५१ पर्यंत शेतकऱ्यांचा सशस्त्र लढा चालला. तिथे चाकली ऐलम्मा या परीट समाजातल्या बाईने विसनूरच्या देशमुखाला आपली जमीन आणि पीक घेऊ दिलं नाही.

आणि लढा संपल्यावर या बाया कुठे गेल्या? हैदराबादच्या 'स्त्री शक्ती संघटना' या आपल्यासारख्याच गटाने तेलंगणाच्या लढ्यातल्या बायांना गाठून त्यांच्या तोंडून तो इतिहास लिहून घेतला. तेलुगूत तो १९८६ मध्ये आणि इंग्रजीत १९८९ मध्ये छापला गेला. ज्यांनी जंगलात राहून बंदूक चालवली, त्यांना लढा थांबल्यावर सांगितलं गेलं की आता घरी जा आणि संसार करा. पुरुष साथी निवडणुकीला उभे राहिले, पक्षाचे पुढारी झाले. बायांना शिवणकाम आणि स्वयंपाक मिळाला. त्या बोलल्या ते पस्तीस वर्षांनी, आणि तेही कुणीतरी विचारायला गेलं म्हणून.

राजाचं काय झालं तेही ऐका. ज्याच्याविरुद्ध एवढं रक्त सांडलं, तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला आणि १९५६ साली ते राज्य मोडेपर्यंत त्या पदावर राहिला. राजासाठी नवी खुर्ची तयार होती. राजाशी लढलेल्या बाईसाठी मात्र जुनीच चूल होती.

आणखी एक गोष्ट आहे. ती या सभागृहात बोलणं अवघड आहे, म्हणूनच बोलायला हवी. रझाकारांनी बायांवर अत्याचार केले हे आपण सांगतो आणि सांगायलाच हवं. पण सैन्य आल्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या भागांत मुसलमान वस्त्यांवर जे झालं ते आपण सांगत नाही. पंडित नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. तिने मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि बलात्कार झाल्याचं, बाया पळवल्याचंही नोंदवलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आलाच नाही. निजामाविरुद्धचा लढा मुसलमानांविरुद्ध नव्हता. हैदराबादचा पत्रकार शोएबुल्ला खान रझाकारांविरुद्ध लिहीत होता, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला भर रस्त्यात ठार केलं गेलं. तरी विजयाचा हिशोब कुणाच्या शरीरावर मांडला गेला? गावातल्या बाईच्या. आधी एका बाजूने, मग दुसऱ्या बाजूने. आज कुणी शेजाऱ्याला सहज 'रझाकार' म्हणून हिणवतं तेव्हा आपण गप्प बसायचं नाही, ते एवढ्यासाठी.

एवढं मनात ठेवून आता अरब देशांकडे वळू.

ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० ला सिदी बुझिद या आडगावात हातगाडीवर फळं विकणाऱ्या मोहम्मद बुअझिझी या तरुणाने स्वतःला पेटवून घेतलं. नगरपालिकेच्या माणसांनी त्याचा माल जप्त केला होता. हातगाडी, जप्ती, अपमान या गोष्टी आपल्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत. चार आठवड्यांत, १४ जानेवारी २०११ ला, तेवीस वर्षं सत्तेवर असलेला बेन अली देश सोडून पळाला.

इजिप्तमध्ये अस्मा महफूज या तरुणीने कॅमेऱ्यासमोर उभं राहून लोकांना चौकात यायचं आवाहन केलं. २५ जानेवारीला कैरोचा तहरीर चौक भरू लागला. बुरख्यातल्या आणि बिनबुरख्यातल्या, मुसलमान आणि ख्रिस्ती, कॉलेजच्या मुली आणि कामगार बाया सगळ्या तिथे होत्या. नवाल अल सादवी ही ज्येष्ठ स्त्रीवादी लेखिका ऐंशीच्या घरात असताना चौकात आली. अठरा दिवसांनी, ११ फेब्रुवारीला, मुबारकची तीस वर्षांची राजवट पडली.

आणि मग? राज्यघटनेत बदल सुचवायला आठ जणांची समिती नेमली गेली, तिच्यात एकही बाई नव्हती. ८ मार्चला, आपल्या महिला दिनी, बाया त्याच चौकात आल्या तेव्हा पुरुषांच्या घोळक्यांनी त्यांना हुसकावून लावलं. दुसऱ्या दिवशी सैन्याने काही मुलींना पकडून नेलं आणि त्यांची 'कौमार्य चाचणी' केली. समीरा इब्राहिम या तरुणीने त्याविरुद्ध कोर्टात दाद मागितली आणि २०११ च्या अखेरीस कोर्टाने अशा चाचण्यांना मनाई केली. त्यानंतर निवडून आलेल्या संसदेत स्त्रिया जेमतेम दोन टक्के होत्या. जुलै २०१३ मध्ये सैन्याने पुन्हा सत्ता हातात घेतली.

लिबियात ऑक्टोबर २०११ मध्ये गद्दाफी मारला गेला. तीनच दिवसांनी मुक्तीची घोषणा करणाऱ्या सभेत नव्या सत्तेच्या प्रमुखाने सांगितलं, की दुसरी बायको करण्यावरचे कायद्याचे निर्बंध आता राहणार नाहीत. स्वातंत्र्याच्या पहिल्या भाषणात त्याला हे सांगावंसं वाटलं!

सुदानमध्ये डिसेंबर २०१८ मध्ये भाकरीच्या भाववाढीवरून लोक रस्त्यावर आले, त्यांत बाया आघाडीवर होत्या. एप्रिल २०१९ मध्ये तीस वर्षं राज्य करणारा बशीर पायउतार झाला. ३ जूनला सैन्याने आणि निमलष्करी दलाने खार्टूममधलं धरणं मोडलं. माणसं मारली, बायांवर बलात्कार केले. पुढे जे सत्तामंडळ बनलं त्यात अकरा जागा होत्या आणि बाया दोन. २०२१ मध्ये तेही मोडलं आणि एप्रिल २०२३ पासून तो देश यादवी युद्धात होरपळला.

सीरियात मार्च २०११ मध्ये लोक उठले होते. तिथला असद पळाला तो डिसेंबर २०२४ मध्ये, पावणेचौदा वर्षांनी, लाखो माणसं मेल्यावर. राजा जाणं आणि लोकांच्या हाती सत्ता येणं यांत किती अंतर असतं, हे या सगळ्या देशांनी मोजून दाखवलं आहे.

मग काहीच साधलं नाही का? ट्युनिशियाकडे परत बघू. २०१२ मध्ये तिथे नवी घटना लिहिली जात होती. मसुद्यात एक वाक्य आलं, की स्त्री ही कुटुंबात पुरुषाला पूरक असते. ऐकायला किती गोड! पण बायांनी त्यातली गोम ओळखली. पूरक म्हणजे समान नव्हे. १३ ऑगस्टला हजारो बाया रस्त्यावर आल्या आणि ते वाक्य गेलं. २०१४ च्या घटनेत समान हक्क आले, स्त्रियांवरचा हिंसाचार संपवणं ही शासनाची जबाबदारी ठरली. २०१७ मध्ये त्याविषयीचा कायदा झाला. अल्पवयीन मुलीवर अत्याचार करून नंतर तिच्याशी लग्न लावलं की सुटका होई, ती पळवाट त्याने बंद केली.

हे तिथे का जमलं? तिथल्या बाया जास्त शूर होत्या असं मला वाटत नाही. तहरीर चौकातल्या बायाही तितक्याच शूर होत्या. पण ट्युनिशियात उठावाच्या आधी वीस-पंचवीस वर्षं स्त्रियांच्या स्वायत्त संघटना राबत होत्या. १९५६ चा कौटुंबिक कायदा हाताशी होता आणि मसुदा वाचणाऱ्या वकील बाया होत्या. राजा जायच्या आधीपासून त्यांचं स्वतःचं घर बांधलेलं होतं. २०२१ नंतर तिथेही राष्ट्राध्यक्षाने सगळी सत्ता स्वतःकडे ओढली, आणि या संघटनांना पुन्हा उभं ठाकावं लागलं. म्हणजे एकदा मिळालेलं कायमचं मिळत नाही, हेही शिकायचं.

आता आपल्याकडे बघा. एम.एस.डब्ल्यू. झाल्यापासून मी या भागात काम करते आहे. एका गावात, नाव सांगत नाही, बायांनी दारूचं दुकान मतदान घेऊन बंद पाडलं. आडवी बाटली जिंकली. सह्या बायांनी गोळा केल्या, नवऱ्यांचा मार बायांनी खाल्ला. सत्काराच्या दिवशी व्यासपीठावर नऊ खुर्च्या होत्या. एका खुर्चीवर बाई होती, सरपंच. तिच्या वतीने भाषण तिच्या नवऱ्याने केलं. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतीत निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, पण खुर्ची आणि माइक अजून वेगवेगळ्या हातांत आहेत. कैरोत झालं ते आणि या गावात झालं ते, प्रमाण सोडलं तर यांत मला फरक दिसत नाही.

मोर्चात बाई हवी असते, कारण मोर्चा मोठा दिसतो आणि पोलीस जरा बिचकतात. बैठकीत ती नको असते, कारण तिथे वाटणी होते. "आधी मोठा प्रश्न सुटू द्या, बायकांचं नंतर बघू," हे वाक्य हैदराबादेत, कैरोत आणि आपल्या तालुक्यात सारख्याच सुरात म्हटलं जातं. ते 'नंतर' येत नाही.

म्हणून मला तीन गोष्टी सुचवायच्या आहेत. पहिली, कोणत्याही आंदोलनात आपण उतरू तेव्हा आपल्या मागण्या त्याच्या पत्रकात पहिल्याच दिवशी लिहून घ्यायच्या. गरज असते तोवरच शब्द मिळतो. दुसरी, वाटाघाटीला जाणाऱ्या शिष्टमंडळात एकटी बाई पाठवायची नाही. एकटीला फोटोपुरतं बसवतात, दोघी-तिघी असल्या की प्रश्न विचारले जातात. तिसरी, कुणाशीही आघाडी केली तरी आपली संघटना, आपली वही आणि आपली वर्गणी वेगळी ठेवायची.

आणि एक काम. देऊळगाव राजा, चिखली, लोणार या पट्ट्यातल्या आणि हद्दीपलीकडच्या गावांत १९४८ साल पाहिलेल्या आज्या आता मोजक्याच उरल्या आहेत. सगळ्यांनी ऐंशी ओलांडली आहे. हिंदू, मुसलमान, दलित, सगळ्या घरांतल्या आज्यांकडे जायचं. तेव्हा घरात काय शिजलं, कोण लपलं, कोण परत आलं नाही, आणि नंतर तुमच्या वाट्याला काय आलं, एवढं विचारायचं आणि त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचं. पुढच्या बैठकीला प्रत्येकीच्या वहीत निदान एक नाव असलं पाहिजे. गावं वाटून घेण्याचा कागद मी फिरवते आहे, त्यावर आपापली नावं घालावीत.