कॅमेऱ्यापुरता ब्रेक: कुठल्या राज्यात हायवे पोलीस खरंच कडक आहेत?

(या भागात जे बोललं गेलं त्याचा हा मजकूर. वाचायला सोपं जावं म्हणून किरकोळ बदल केलेत.)

आजचा विषय तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सुचवला होता. सुट्टीत गाडी काढून दुसऱ्या राज्यात जायचं ठरलं की ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो: तिकडे स्पीडचं चलान कितपत कडक आहे? मग कोणीतरी म्हणतं, कर्नाटकात जपून. कोणी म्हणतं, केरळमध्ये तर नुसते कॅमेरेच कॅमेरे. आपला एक्सप्रेसवे तर सगळ्यांच्याच तोंडी असतो.

तर आज बघूया, ‘कडक’ म्हणजे नक्की काय. कारण माझ्या मते आपण हा शब्द चुकीच्या गोष्टीला लावतो. आपण बघतो दंड किती. खरं बघायला हवं ते हे की पकडलं जायची खात्री किती.

आधी कायदा, अगदी थोडक्यात. वेगमर्यादा मोडली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८३ लागतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कार वगैरे हलक्या वाहनाला १००० ते २००० रुपये दंड, मोठ्या वाहनाला २००० ते ४०००. हा कायदा देशभर एकच आहे. मग अनुभव इतका वेगळा का? कारण मर्यादा किती ठेवायची, कॅमेरे कुठे लावायचे, पोलीस कुठे उभे करायचे, हे राज्याराज्यात वेगळं आहे.

आता एकेक राज्य घेऊ.

पहिलं केरळ. ५ जून २०२३ पासून तिथे ‘सेफ केरळ’ प्रकल्पाच्या कॅमेऱ्यांवरून दंड सुरू झाला. एकूण कॅमेरे ७२६. आकडा ऐकून वाटतं, बापरे, हे तर सगळ्यात कडक! पण जरा आत बघा. त्यातले ६७५ कॅमेरे मुख्यतः हेल्मेट, सीटबेल्ट, गाडी चालवताना मोबाइल अशा गोष्टींसाठी. बाकीचे पार्किंग आणि सिग्नलसाठी. वेग मोजणारे फक्त ८, त्यातले ४ एका जागी बसवलेले आणि ४ गाडीवर फिरणारे. म्हणजे सीटबेल्टच्या बाबतीत केरळ कडक, पण या प्रकल्पापुरतं बोलायचं तर वेगाच्या बाबतीत तेवढं नाही. पुढच्याच महिन्यात, १ जुलैला त्यांनी मर्यादाही बदलल्या. सहापदरी राष्ट्रीय महामार्गावर कारला ११० केले आणि दुचाकीची कमाल मर्यादा ७० वरून ६० वर आणली. कारला मोकळीक आणि दुचाकीला लगाम, एकाच आदेशात.

दुसरं कर्नाटक. बेंगळुरू-मैसूर महामार्गावर मर्यादा १०० ची. तिथे आधी १ ऑगस्ट २०२३ पासून मुख्य मार्गावर दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर बंद केले. मग कॅमेरे आले. आणि १ ऑगस्ट २०२४ पासून राज्यभर एक नियम आला: ताशी १३० च्या वर सापडलात तर नुसतं चलान नाही, थेट एफआयआर. म्हणजे बेदरकारपणे गाडी चालवल्याचा गुन्हा. इथे विषय पैशांचा राहत नाही. कोर्टात जावं लागतं, पोलिसांच्या रेकॉर्डवर नाव जातं. नोकरी, पासपोर्ट, व्हिसा यांची काळजी असणाऱ्या आपल्या वयाच्या माणसाला २००० रुपयांपेक्षा हे जास्त लागतं.

तिसरा यमुना एक्सप्रेसवे. ग्रेटर नोएडा ते आग्रा, १६५ किलोमीटर. इथली गंमत अशी की मर्यादा ऋतूप्रमाणे बदलते. एरवी कारला १००. हिवाळ्यात धुकं पडलं की साधारण १५ डिसेंबर ते १५ फेब्रुवारी ती खाली आणतात, अलीकडे ७५ वर. मला हे पटतं. समोरचं दिसतच नसेल तर १०० च्या पाटीला काय अर्थ आहे?

आता आपलं घर. मुंबई-पुणे एक्सप्रेसवे, सुमारे ९४ किलोमीटर. सपाटीवर कारला १००, घाटात ६०. अवजड वाहनांना सपाटीवर ८० आणि घाटात त्याहून कमी. वर्षानुवर्षं इथे काय चालायचं ते सगळ्यांना माहीत आहे. इंटरसेप्टर गाडी ठरलेल्या ठिकाणी उभी, आत स्पीड गन. समोरून येणारे ट्रकवाले लाइट मारून सांगायचे, पुढे आहेत. तेवढ्यापुरता ब्रेक, आणि पुलापलीकडे पुन्हा पाय खाली.

जुलै २०२४ मध्ये इथे आयटीएमएस सुरू झालं, आणि माझ्यातल्या इंजिनिअरला खरा रस इथे आहे. स्पीड गन तुमचा एका क्षणाचा वेग बघते. पण या यंत्रणेत रस्त्यावरच्या कमानींवर जे कॅमेरे आहेत, त्यातले काही सरासरी वेग काढतात. पहिल्या कमानीखाली तुमची नंबरप्लेट वाचली, वेळ नोंदवली. पुढच्या कमानीखाली पुन्हा तेच. मधलं अंतर माहीत आहे. आता शाळेतलं गणित: अंतर भागिले वेळ. दहा किलोमीटरला १०० च्या वेगाने सहा मिनिटं लागतात. तुम्ही पाच मिनिटांत आलात म्हणजे सरासरी १२० ने आलात. कमानीखाली तुम्ही ८० वर होतात की ६० वर, काहीही फरक पडत नाही. वाद घालायला जागाच नाही.

हे समृद्धीवर आणखी सोपं आहे. तिथे टोल बाहेर पडताना घेतात, अंतराप्रमाणे. म्हणजे तुम्ही आत कधी आलात आणि बाहेर कधी पडलात हे मुळातच नोंदलं जातं. नागपूर ते शिर्डी ५२० किलोमीटर, मर्यादा १२०. अजिबात न थांबता गेलात तरी चार तास वीस मिनिटं लागायलाच हवीत. २०२३ मध्ये परिवहन विभागाने तर अतिवेगाने आलेल्या चालकांना थांबवून समुपदेशनाला बसवलं. लोक त्यावर हसले. मला मात्र ते हुशारीचं वाटलं. ज्याला पोचायची घाई आहे, त्याच्याकडून पैसे घेण्यापेक्षा त्याचा अर्धा तास घेणं जास्त झोंबतं!

आता तुम्ही म्हणाल, सरासरीलाही पळवाट आहे. आधी जोरात जायचं, मग फूड मॉलवर वडापाव आणि चहा घेत वेळ भरून काढायची. खरं आहे. म्हणून दोन्ही लागतं, जागेवरचा कॅमेरा आणि सरासरी. आणि खरं सांगू का, वडापाव खायला थांबावंच लागणार असेल तर जोरात जाऊन मिळवलं काय?

हिशोब करूनच बघा. सपाटीचा ८० किलोमीटरचा पट्टा धरा. १०० ने ४८ मिनिटं, १२० ने ४०. वाचली आठ मिनिटं. त्या आठ मिनिटांसाठी गाडीची गतिज ऊर्जा ४४ टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. ब्रेकला तेवढी जास्त ऊर्जा जिरवावी लागते. आणि धडक झालीच तर ती ऊर्जा आतल्या माणसांवर येते.

देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातात १,६८,४९१ माणसं गेली. सरकारी अहवालात यातल्या सुमारे ७१ टक्के मृत्यूंपुढे कारण लिहिलंय ‘अतिवेग’. हा आकडा थोडा सांभाळून घ्या, कारण तो पोलिसांच्या नोंदींवरून येतो आणि रस्त्याची चूक असली तरी सोपं कारण म्हणून ‘अतिवेग’ लिहिलं जाऊ शकतं. पण निम्मा जरी खरा धरला तरी तो भयंकर आहे.

दुसरी बाजूही सांगायलाच हवी. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्रातल्या मालवाहतूकदारांनी ई-चलानच्या विरोधात संप केला. त्यांचं म्हणणं नुसतं ‘दंड कमी करा’ एवढंच आहे असं समजू नका. ट्रक चालवणारा पगारावर, चलान मालकाच्या नावावर, आणि ते कळतं कधी कधी महिन्यांनी. एकाच फेरीत दोन-तीन चलानं लागली तर त्या फेरीत उरलं काय? शिक्षा उशिरा कळली की तिचा वागण्यावर परिणाम होत नाही, फक्त राग येतो. म्हणून ‘कडक’मध्ये मी दुसरी अट टाकते: लगेच कळलं पाहिजे.

आणि तिसरी अट, पारदर्शकता. केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७ए हा नियम ऑगस्ट २०२१ मध्ये आला. त्यानुसार कॅमेरा असलेल्या पट्ट्यावर आधी पाटी हवी. यंत्राला मंजुरीचं प्रमाणपत्र हवं आणि त्याचं दरवर्षी नूतनीकरण व्हायला हवं. गुन्ह्याची नोटीस १५ दिवसांत पाठवायला हवी, असं तेव्हा ठरलं. म्हणजे झाडामागे लपून ‘सापडला!’ म्हणणं हा या नियमाचा हेतूच नाही. कॅमेरा आहे हे तुम्हाला माहीत असावं आणि तुम्ही हळू जावं, हा हेतू आहे.

मग उत्तर काय? दंडाची भीती घालण्यात कर्नाटक पुढे आहे. कॅमेऱ्यांच्या संख्येत केरळचं नाव मोठं. पण वेगाच्या बाबतीत, दोन कमानींच्या मधल्या पट्ट्यातही तुम्हाला हळू चालवायला लावणारी सरासरीची पद्धत मला सगळ्यात कडक वाटते, आणि सगळ्यात न्यायाचीही. ती माणूस बघत नाही, गाडीवरचा लोगो बघत नाही, ‘साहेब, जरा समजून घ्या’ हे तिला ऐकू येत नाही.

जाता जाता कामाच्या तीन गोष्टी. एक, आरसीवर तुमचा चालू मोबाइल नंबर आहे ना, आजच बघा, नाहीतर चलान जुन्या नंबरवर जात राहील. दोन, व्हॉट्सॲपवर चलानच्या नावाने एपीके फाइल आली तर चुकूनही उघडू नका, ती फसवणूक असते. चलान महाट्रॅफिक किंवा परिवहनच्या अधिकृत साइटवर स्वतः जाऊन तपासा. तीन, चलान चुकीचं वाटलं तर फोटो, वेळ आणि जागा नीट बघा आणि तिथेच तक्रार नोंदवा. गप्प बसून थकबाकी वाढवू नका.

आणि पुढच्या वेळी मॅपने ‘पुढे स्पीड कॅमेरा आहे’ असं सांगितलं, तर तो मागे पडल्यावरही पाय तसाच ठेवून बघा. आठ मिनिटं उशीर होईल. घरचे तेवढी वाट बघतात.

तुमच्या भागातल्या हायवेवर काय परिस्थिती आहे ते नक्की कळवा. भेटूया पुढच्या भागात. सांभाळून चालवा!