मूलभूत हक्क : कागदावरचे आणि उंबरठ्यावरचे

(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आम्ही काही विद्वान वक्ते नव्हे. शाळा सातवीपर्यंत. बाकी जे वाचले ते पाळी सुटल्यावर, वाचनालयात आणि याच विहारात बसून. तेव्हा चूकभूल झाली तर पदरात घ्यावी. समितीने विषय दिला आहे 'मूलभूत मानवी हक्क आणि जातिभेद'. विषय मोठा आहे. पण आम्ही गिरणी कामगार, म्हणून गिरणीपासूनच सुरुवात करतो.

कापड विणण्याचे जे खाते, त्याला आपण साचेखाते म्हणतो. साच्यावर धोटा इकडून तिकडे पळतो. धोट्यातल्या कांडीवरचे सूत संपले, की नवी कांडी घालायची आणि सुताचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यायचे. जुन्या काळी ही कामाची रीतच होती. आता एकाच धोट्याला चार जणांचे तोंड लागणार! म्हणून सवर्ण साचेवाले म्हणायचे, अस्पृश्य माणूस या खात्यात नको, आम्ही बाटू. मुंबईच्या गिरण्यांत अशी साचेखात्याची दारे आपल्या माणसांना बंद होती. आमच्या आजोबांची सगळी हयात रिंगखात्यात गेली. साचेखात्यात मजुरी जास्त होती. म्हणजे बघा, विटाळ दुसऱ्याच्या मनात आणि भुर्दंड आमच्या पगाराला! अस्पृश्यता म्हणजे नुसता अपमान नव्हता, ती दर महिन्याची पगारकपात होती.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांचा मोठा संप झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार सहा महिने बाहेर होते. त्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांपुढे सरळ प्रश्न टाकला. अस्पृश्य कामगाराला साचेखात्यात काम मिळावे ही मागणी तुम्ही करणार नसाल, तर त्याने तुमच्या संपात का राहावे? पुढाऱ्यांनी नाइलाजाने ती मागणी यादीत घेतली. त्यावर मालकांचे म्हणणे असे, की हा अन्याय असलाच तर त्याला आम्ही जबाबदार नाही. कामगार म्हणतो रूढी आहे, मालक म्हणतो माझा दोष नाही. गुन्हा सगळ्यांच्या देखत घडतो आणि गुन्हेगार मात्र कोणीच नसतो. जातिव्यवस्थेची हीच खरी ताकद आहे.

म्हणून १९३८ साली मनमाडला, रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले, की कामगारांचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. ब्राह्मणशाही म्हणजे एखादी जात नव्हे, तर स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती, हेही त्यांनी तिथेच स्पष्ट केले. ती वृत्ती कोणत्याही घरात शिरू शकते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे आम्हाला त्याची गरज लागणार आहे.

बंधू-भगिनींनो, २९ नोव्हेंबर १९४८ या दिवशी घटना समितीने अस्पृश्यता नष्ट करणारे कलम मंजूर केले. तेच आज आपल्या संविधानाचे १७ वे कलम. पुढे ९ डिसेंबरला घटनात्मक उपायांच्या कलमावर, म्हणजे आजच्या ३२ व्या कलमावर बोलताना, हे कलम घटनेचा आत्मा आणि हृदय आहे असे बाबासाहेब म्हणाले. हक्क मोडला तर सरळ सर्वोच्च न्यायालयाचे दार ठोठावण्याचा हक्क, तो हा. आणि दुसऱ्याच दिवशी, १० डिसेंबर १९४८ रोजी, संयुक्त राष्ट्रसंघाने पॅरिसमध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा स्वीकारला. त्याच्या पहिल्या कलमाच्या मसुद्यात 'सर्व पुरुष' असा अर्थ निघणारे शब्द होते. ते बदलून 'सर्व मानव' करायला लावले ते भारताच्या प्रतिनिधी हंसा मेहता यांनी. एक शब्द बदलला आणि अर्धे जग त्यात आले!

बहुतेक मूलभूत हक्क सरकारविरुद्ध मागायचे असतात. पण १७ वे कलम शेजाऱ्यालाही लागू आहे, दुकानदारालाही आणि घरमालकालाही. हे आम्हाला ठाऊक होते. तरीसुद्धा वेळ आली तेव्हा आम्ही काय केले, ते आज तुमच्यासमोर सांगतो.

तीन वर्षांपूर्वी आमच्या मुलाला नोकरीच्या गावी भाड्याने खोली हवी होती. मालकाने खोली दाखवली, भाडे ठरले, चहा झाला. मग त्याने पूर्ण नाव विचारले. नाव ऐकून म्हणाला, घरात विचारून कळवतो. संध्याकाळी निरोप आला, खोली नातेवाईकाला द्यायची ठरली. पंधरा दिवसांनी 'भाड्याने देणे आहे' ही पाटी तिथेच होती. मुलाने फोन करून विचारले, "अण्णा, काय करू?" आम्ही म्हणालो, "सोड. दुसरी बघ." ज्या तोंडाने पंचवीस वर्षे मोर्च्यात घोषणा दिल्या, त्याच तोंडाने हे शब्द काढले.

नंतर कायद्याचे पुस्तक उघडले. १९५५ चा अस्पृश्यता गुन्हे कायदा, १९७६ पासून त्याचे नाव नागरी हक्क संरक्षण कायदा. त्याच्या चौथ्या कलमात राहत्या जागेबाबतचा भेदही आहे. बाराव्या कलमात तर असे आहे, की कायद्यात सांगितलेला गुन्हा अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडला, तर तो अस्पृश्यतेपोटीच घडला असे न्यायालय धरून चालेल. तसे नव्हते हे समोरच्याने सिद्ध करायचे. आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींत मान्यता आहे. खटला जिंकलोच असतो असे आम्ही म्हणत नाही. पण साधा अर्जसुद्धा केला नाही, ही चूक आमची.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच महिन्यात आमच्या दारापुढचे तुंबलेले गटार काढायला एक माणूस आला. काम झाल्यावर त्याला चहा दिला. मुलगा रजेवर घरी होता. त्याने पाहिले, चहा कान तुटलेल्या कपात दिला. तो कप मोरीच्या खिडकीत वेगळा ठेवलेला असायचा. घरातल्या बायकांकडे बोट दाखवू नका, तो कप नेऊन देणारे आम्हीच होतो. मुलगा हळूच म्हणाला, "अण्णा, तुमच्या त्या धोट्यात आणि या कपात काय फरक?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. कोणी म्हणेल, स्वच्छतेसाठी वेगळा ठेवला. अहो, साचेवाल्यांनाही असे कारण सांगता आले असते! पोटजात बघून सोयरीक जुळवणारे आपल्यातही आहेत. ती मनमाडची गोष्ट आठवा. ती वृत्ती आमच्याच मोरीच्या खिडकीत बसली होती.

म्हणून आज तीन गोष्टी मागतो. पहिली, भेदभाव झाला की त्याच दिवशी लिहून काढा. तारीख, वेळ, शब्द, आणि हजर कोण होते ते. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात जातिवाचक शिवीगाळीचा गुन्हा लोकांच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी घडलेला असावा लागतो. म्हणून साक्षीदार लागतो. शेजाऱ्यावर प्रसंग आला तर दार लावून घेऊ नका, साक्षीला उभे राहा. २०१५ च्या दुरुस्तीने पीडितांच्या आणि साक्षीदारांच्या हक्कांचे स्वतंत्र प्रकरणच त्यात घातले आहे. दुसरी, विहारात रविवारी मुले येतात, त्यांना वंदनेनंतर संविधानाचे एकेक कलम समजावून सांगा. तिसरी, घरी गेल्यावर आपापली मोरी आणि आपापला उंबरठा तपासा.

आजोबांना साचेखात्याचे दार बंद होते; नातवाने, म्हणजे आम्ही, त्याच खात्यात साचा चालवला. हे आपोआप झाले नाही. कोणीतरी उठून विचारले म्हणून झाले. आमच्या मुलाने आम्हाला विचारले, म्हणून तो कप आता घरात नाही. गटार काढायला येणारा भाऊ आता आमच्याच कपबशीतून चहा घेतो, आमच्या शेजारी बसून. पहिल्या दिवशी तो बसायला तयार नव्हता. त्याला तिथे बसवायला आम्हाला जितका वेळ लागला, तितके काम अजून बाकी आहे.