बँकेची मिळकत आणि नोकरांचे देणे

बँकेत पैसा येताना-जाताना आपण रोज पाहतो. परंतु वर्षअखेरीस तिला मिळाले किती आणि तिने दिले किती, हा हिशेब दिसतो तितका सरळ नाही. कर्जावर वर्षभर व्याज चढते आणि कर्जदार एक पैसाही भरीत नाही. हे व्याज बँकेचे उत्पन्न म्हणावयाचे काय? वसुली संशयास्पद ठरल्यामुळे नफ्यात न धरता वेगळ्या खाती ठेवलेल्या व्याजावर कर बसू नये, असा निर्णय युको बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली दिला. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील ४३-डी कलमाचा रोखही हाच होता. न मिळालेल्या पैशावर कर मागू नये, हे कोणालाही पटेल.

खर्चाच्या बाजूस मात्र गुंता आहे. एखादा कारकून यंदा रजा न घेता राबतो. ती रजा त्याच्या नावे साठते आणि तिचा पैसा त्याला निवृत्तीच्या दिवशी, कदाचित पंचवीस वर्षांनी मिळतो. मग हा खर्च यंदाचा की तेव्हाचा? २००० साली भारत अर्थ मूव्हर्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, देणे आजच निश्चित झाले आहे, ते चुकते करण्याचा दिवस तेवढा पुढे आहे. सबब वाजवी अंदाजाने केलेल्या तरतुदीस वजावट मिळावी. हिशेबाच्या दृष्टीने हे अगदी रास्त होते. पण संसदेने २००१ मध्ये ४३-बी कलमात एफ हे पोटकलम घातले : रजेचा पैसा प्रत्यक्ष दिल्यावरच वजावट. कलकत्ता उच्च न्यायालयाने २००७ साली ते रद्द ठरविले; सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२० मध्ये ते वैध ठरविले. २०२५ च्या नव्या कायद्यानेही, कलमांचे आकडे बदलले तरी, हा नियम तसाच ठेवला.

सरकारची बाजू समजण्यासारखी आहे. कागदावर तरतूद करून कर वाचवावा आणि नोकराला पैसे द्यावयास टाळाटाळ करावी, हे चालू द्यावयाचे नाही. परंतु ग्रॅच्युइटीच्या बाबतीत कायद्याने याहून शहाणी वाट काढली होती. नुसत्या तरतुदीस वजावट नाही, पण मान्यताप्राप्त निधीत रक्कम भरली की आहे! तो पैसा विश्वस्तांच्या हाती जातो. रजेसाठी अशा मान्यताप्राप्त निधीची योजना कायद्यात केली गेली नाही. त्यामुळे बँक डबघाईस आली, तर ग्रॅच्युइटीचा निधी वेगळा उरतो. कारकुनाने साठविलेल्या रजेचा पैसा मात्र बँकेच्याच मालमत्तेत मिसळलेला असतो.