छर्रे काढले का?

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनानिमित्त झालेल्या कार्यक्रमात शल्यचिकित्सा विभागातील ज्येष्ठ शल्यचिकित्सकांनी केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर.)



वर्धापनदिनी शल्यचिकित्सकाने आपल्या विभागाच्या कामाचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. शस्त्रक्रियांची संख्या, खाटांचा वापर इत्यादी तपशील अहवालाच्या अन्य पानांवर तक्त्यांत दिलेला आहेच. तो वाचून दाखवून मी आपला वेळ घेणार नाही. आज मी केवळ एका प्रश्नाविषयी बोलणार आहे. बंदुकीने जखमी झालेल्या रुग्णावरील शस्त्रक्रिया आटोपून मी बाहेर आलो, की नातेवाईक बहुधा पहिला प्रश्न विचारतात तो असा : "डॉक्टर, छर्रे काढले का?" रक्तस्राव थांबला का, श्वास नीट चालला आहे का, हे नंतर. या प्रश्नाचे श्रेय मी आपल्या चित्रपटांना देतो. तेथे डॉक्टर चिमट्याने गोळी बाहेर काढतो, ती वाडग्यात खणकन पडते आणि नायक डोळे उघडतो.

प्रत्यक्षात काय घडते, हे सांगण्यासाठी मी आपणांस एका सुप्रसिद्ध रुग्णाची हकीकत सांगतो. हा रुग्ण आमचा नव्हे, आपल्या देशातीलही नव्हे. परंतु आम्हा शल्यचिकित्सकांना जे समजावून सांगावयास एरवी तासभर लागतो, ते त्याच्या उदाहरणाने चटकन स्पष्ट होते.

ग्रेग लेमाँड हा अमेरिकेचा सायकलपटू. 'टूर द फ्रान्स' ही सुमारे तीन आठवडे चालणारी, जगातील सर्वांत खडतर मानली जाणारी सायकलशर्यत १९८६ साली त्याने जिंकली. युरोपाबाहेरील खेळाडूने ती जिंकण्याची ती पहिलीच वेळ होती. पुढील वर्षी मनगट मोडल्याने विश्रांतीसाठी तो मायदेशी आला आणि २० एप्रिल १९८७ रोजी, म्हणजे ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी, कॅलिफोर्नियातील लिंकन या गावाजवळ टर्की पक्ष्यांच्या शिकारीस गेला. समवेत दोन आप्त होते. या शिकारीत माणसे झाडाझुडपांच्या रंगाचे कपडे घालून दडून बसतात आणि पक्ष्याचा आवाज काढून त्यास जवळ बोलावतात. सोबत्यालाही आपण दिसू नये अशीच ही योजना असते, हे लक्षात घेतले म्हणजे पुढील अपघाताचे फारसे नवल वाटत नाही. तिघांची चुकामूक झाली. झुडपामागे हालचाल जाणवली म्हणून मेहुण्याने बंदूक झाडली. झुडपामागे लेमाँड होता.

छऱ्यांच्या काडतुसाची गोष्ट एकसंध गोळीपेक्षा वेगळी असते. गोळी एक वाट धरते. छरे मात्र नळीतून बाहेर पडताच पसरू लागतात. लेमाँडच्या पाठीत आणि उजव्या कुशीत सुमारे साठ छरे शिरले. उजवे फुप्फुस मिटले. यकृत, मूत्रपिंड, आतडी यांना इजा झाली. बाहेरून पाहता लहान लहान भोके. आत मात्र रक्तस्राव चालू. योगायोग असा, की महामार्ग पोलिसांचे एक हेलिकॉप्टर दुसऱ्या एका अपघातासाठी त्याच परिसरात आकाशात होते. त्याने लेमाँडला सॅक्रामेंटो येथील विद्यापीठाच्या रुग्णालयात नेले. तोवर त्याच्या शरीरातील सुमारे ६५ टक्के रक्त वाहून गेले होते. आणखी वीस मिनिटे गेली असती तर तो वाचला नसता, असे डॉक्टरांनी त्यास नंतर सांगितले.

या आकड्याचा अर्थ आपल्या रक्तपेढीच्या भाषेत सांगतो. त्याच्या बांध्याच्या पुरुषाच्या शरीरात साडेचार-पाच लिटर रक्त असते. त्याचे ६५ टक्के म्हणजे सुमारे तीन लिटर. ३५० मिलिलिटरच्या पिशव्यांचा हिशेब केला तर आठ-नऊ दात्यांचे रक्त. चाळीस टक्क्यांहून अधिक रक्त गेले की नुसत्या सलाइनवर निभावणे अशक्य होते. त्या वेळी रक्त हेच औषध. ते दाते कोण होते, हे लेमाँडला ठाऊक असण्याचे कारण नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. त्या शल्यचिकित्सकांनी छातीत नळी घालून फुप्फुस पुन्हा फुलविले, रक्तस्राव थांबविला, फाटलेले सांधले. आणि छरे? त्यांपैकी सुमारे पस्तीस त्यांनी जेथल्या तेथे राहू दिले. काही यकृतात, काही तर हृदयाच्या आवरणात. नातेवाइकांना हे ऐकून धक्का बसतो. कित्येकदा त्यांना वाटते, की डॉक्टरांनी काम अर्धवट सोडले. वस्तुतः शरीरास इजा होते ती छरा आत शिरताना. तो थांबला, म्हणजे त्याचे बहुतेक दुष्कृत्य करून झालेले असते. मऊ स्नायूत रुतलेल्या छऱ्याभोवती शरीर स्वतःच तंतूंचे आवरण विणते. तो काढावयाचा तर निरोगी मांस, रक्तवाहिन्या, मज्जातंतू चिरीत जावे लागते. म्हणजे बंदुकीने केले नाही ते नुकसान आम्ही करावयाचे.

हे शहाणपण वैद्यकास महागात पडून आले आहे. २ जुलै १८८१ रोजी अमेरिकेचे अध्यक्ष गारफिल्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. तो घातपात होता, अपघात नव्हे; पण त्यांच्या पाठीत शिरलेली गोळी शोधण्यासाठी एकामागून एक डॉक्टरांनी न धुतलेली बोटे आणि सळया जखमेत घातल्या. टेलिफोनचे जनक अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी गोळी शोधण्यासाठी धातुशोधक यंत्रही आणून लावले. गोळी सापडली नाही. जखमेत पू झाला, तो शरीरभर पसरला आणि एकोणऐंशी दिवसांनी अध्यक्षांचा अंत झाला. शवविच्छेदनात गोळी आवरणात स्वस्थ पडलेली आढळली. तिला तशीच राहू दिली असती तर ते कदाचित वाचले असते, असे पुढे अनेक तज्ज्ञांनी म्हटले आहे.

अर्थात 'राहू द्या' हा सरसकट नियम नव्हे. शिसे सांध्यातील द्रवात विरघळते आणि रक्तात उतरते. म्हणून सांध्यात अडकलेला छरा काढावाच लागतो. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्या भोवतालच्या द्रवाबाबतही हीच भीती असते. शिरेत शिरलेला छरा प्रवाहाबरोबर हृदयाकडे किंवा फुप्फुसाकडे जाऊ शकतो. आणि शरीरात राहिलेल्या शिशावर वर्षानुवर्षे लक्ष ठेवावे लागते. थकवा, पोटदुखी, रक्तक्षय अशा साध्या तक्रारींमागे ते असू शकते. रक्तातील शिशाचे प्रमाण साध्या तपासणीत कळते. परंतु ती तपासणी डॉक्टरांस सुचण्यासाठी रुग्णाने 'मला कधीकाळी छरे लागले होते' एवढे सांगणे आवश्यक असते. एमआरआय करण्यापूर्वी तर ते सांगितलेच पाहिजे. सर्व छरे शिशाचे नसतात, पोलादाचेही असतात आणि चुंबकाला शिसे व पोलाद यांतील फरक चांगला कळतो.

हे सांगणेच माणसास सर्वांत जड जाते. लेमाँडचेच पाहा. अपघातानंतर सुमारे चार महिन्यांनी त्याची आतडी एकमेकांस चिकटून मार्ग बंद झाला. पोटाच्या मोठ्या जखमेनंतर असे होऊ शकते. तातडीची शस्त्रक्रिया ठरली. ही गोष्ट कळली तर आपला संघ आपणांस काढून टाकील, अशी धास्ती त्यास वाटली. म्हणून त्याने शल्यचिकित्सकांना विनंती केली, की याच वेळी माझे अपेंडिक्सही काढून टाका. मग त्याने संघास कळविले, की अपेंडिक्सची शस्त्रक्रिया झाली. शब्दशः खरे! मला हा प्रसंग प्रथम वाचला तेव्हा हसू आले, नंतर आले नाही.

दोन वर्षे तो मागे पडत राहिला. १९८९ च्या 'टूर'मध्ये अखेरच्या दिवशी तो पन्नास सेकंदांनी मागे होता. व्हर्साय ते पॅरिस हे साडेचोवीस किलोमीटरचे अंतर त्याने अशा वेगाने कापले, की तीन हजार दोनशेंहून अधिक किलोमीटरची ती शर्यत त्याने आठ सेकंदांनी जिंकली. छरे शरीरात होतेच. १९९० मध्ये तो पुन्हा जिंकला. मात्र त्यानंतर त्याची शक्ती ओसरत गेली आणि १९९४ साली तो निवृत्त झाला. स्नायूंचा एक आजार त्या वेळी कारण म्हणून सांगण्यात आला. पुढे २००७ मध्ये त्याने स्वतःच शंका व्यक्त केली, की ते शरीरातील शिशाचे काम असावे. ती खरी की खोटी, याचा निवाडा इतक्या दुरून करणे मला योग्य वाटत नाही.

आणखी एक उदाहरण आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ११ फेब्रुवारी २००६ रोजी टेक्ससमध्ये लावा पक्ष्यांच्या शिकारीत अमेरिकेचे तत्कालीन उपाध्यक्ष डिक चेनी यांच्या बंदुकीचे छरे हॅरी व्हिटिंग्टन या ७८ वर्षांच्या वकिलास चेहरा, मान व छातीवर लागले. उपाध्यक्षांसमवेत वैद्यकीय पथक असल्याने उपचार जागेवरच सुरू झाले. तीन दिवसांनी हृदयापाशी पोहोचलेल्या एका छऱ्यामुळे हृदयाची लय बिघडून सौम्य झटका आला. डॉक्टरांनी तो छरा काढला नाही. आठवड्याच्या आत व्हिटिंग्टन घरी गेले, आणि निघताना त्यांनी, चेनी व त्यांच्या कुटुंबीयांना जे सोसावे लागले त्याबद्दल, स्वतःच खेद व्यक्त केला! २०२३ साली, वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते वारले.

जगभर याची थट्टा झाली. माझ्या मनात मात्र त्या वेळी आपलाच एक रुग्ण आला.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. भात पोसवण्याचे दिवस. रात्री साडेअकराच्या सुमारास एका तरुणास जीपमधून आणले. 'कुंपणाच्या खुंटावर पडला' असे सांगण्यात आले. क्ष-किरण चित्रात खुंट नव्हता. खडीसाखरेचे दाणे सांडावेत तसे पांढरे ठिपके होते. रानडुकरे शेतात उतरतात म्हणून चौघे जण बंदूक घेऊन गेले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये विनापरवानगी शिकार हा गुन्हा आहे, हे त्यांना पुरते ठाऊक होते. रुग्णालयात खरे सांगावे की नाही, या वादात त्यांनी गावातच पाऊण तास घालविला होता. लेमाँडचा डॉक्टर वीस मिनिटांची गोष्ट करीत होता, हे आठवावे.

बंदुकीची जखम म्हटली की पोलिसांना कळविणे आम्हांस बंधनकारक आहे, आणि त्या रात्री आम्ही कळविले. परंतु उपचार त्यासाठी थांबत नाहीत. १९८९ मधील परमानंद कटारा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे निःसंदिग्ध सांगितले : जखमीचा जीव प्रथम, कायदेशीर सोपस्कार नंतर. कृपया ही गोष्ट आपल्या गावी, वाडीवर, बैठकीत सांगा. दारातून आत येताना 'छरे लागले, इतक्या वाजता लागले, इतक्या अंतरावरून लागले' एवढी तीन वाक्ये मला मिळाली, तर माझा बराच वेळ वाचतो.

त्या रात्री रक्तपेढीत त्या गटाच्या दोनच पिशव्या शिल्लक होत्या. तिसरी आपल्या औषधभांडारातील कर्मचाऱ्याने दिली, चौथी जीपच्या चालकाने. रक्तस्राव पहाटे आटोक्यात आला. मी बाहेर आलो तेव्हा बाकावर एक जण भिंतीकडे तोंड करून बसला होता. तो रुग्णाचा चुलतभाऊ. बंदूक त्याच्याच हातून सुटली होती. त्यानेही तोच प्रश्न विचारला. मी म्हणालो, "अकरा काढले, बाकीचे राहू दिले." तो म्हणाला, "सगळे काढा हो डॉक्टर. माझे राहायला नकोत त्याच्यात." त्या वाक्याला माझ्याजवळ वैद्यकीय उत्तर नव्हते. माझ्या भूलतज्ज्ञ सहकारी बाईंनी त्यास चहा दिला, आत नेऊन भावाचा हात त्याच्या हातात दिला. आम्ही जखमीची नोंद करतो. ज्याच्या हातून घडले त्याच्यासाठी आपल्या केसपेपरवर रकाना नाही. आता आपल्या समाजसेवा विभागातील भगिनी अशा प्रसंगी दोघांशीही बोलतात, ही व्यवस्था विश्वस्तांनी मान्य केली, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

तो तरुण आज चाळिशी ओलांडून गेला आहे. रक्तातील शिशाच्या तपासणीसाठी तो दरवर्षी येतो. सोबत चुलतभाऊच असतो. गाडी तोच चालवितो. मागील खेपेस प्रमाण समाधानकारक होते आणि चित्रातील ठिपके आपापल्या जागी होते.

माझा वेळ संपला. रक्तपेढीचा कक्ष सभागृहाबाहेर उजव्या हातास आहे आणि तो आज सायंकाळी सहापर्यंत खुला राहील.